प्रादेशिक सेनेतला जवान गेला, तर घराला काय मिळते?

नोकरी मुंबईत आणि वर्षातले काही दिवस गणवेशात, असा माणूस फौजी म्हणायचा की नाही? परळ-लालबागमध्ये हा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. गिरणगावातली घरे कोकणातली, साताऱ्याकडची. नात्यात कोणी ना कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत असायचाच. त्यामुळे नियमित फौजेची पेन्शन लोकांना ठाऊक असते. प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, तेवढी नसते.

ही सेना 1948 च्या कायद्याने उभी राहिली. 9 ऑक्टोबर 1949 रोजी सी. राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. नोकरीधंदा सांभाळायचा, प्रशिक्षण घ्यायचे आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. परतल्यावर कामावर घेण्याची मालकाची जबाबदारीही कायद्यात लिहिलेली आहे.

सगळी गोम मात्र एका शब्दात आहे: 'एम्बॉडीड', म्हणजे हुकमाने प्रत्यक्ष सेवेत घेतलेला. त्या काळात तो जवानच. 2018 मध्ये शोपियानला धारातीर्थी पडलेले लान्स नायक नझीर अहमद वानी हे मुळात 162 व्या प्रादेशिक बटालियनचे. त्यांना 2019 मध्ये अशोकचक्र मिळाले.

एम्बॉडीड असताना मृत्यू आला, तर पुढचा प्रश्न कारणाचा. सेवेशी संबंध नसेल तर साधारण कुटुंब निवृत्तिवेतन, ढोबळमानाने शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के. सेवेमुळे असेल तर 60 टक्के. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना असेल तर जवळजवळ पूर्ण वेतन. केंद्राचे सानुग्रह अनुदान वेगळे. म्हणजे चौकशीच्या कागदावरची एक ओळ घराचे पुढचे सगळे दिवस ठरवते!

शासन नेहमीच सढळ असते असे नाही. पर्यावरण बटालियनमधल्या एका जवानाचा रजेवर असताना अपघात झाला, पाय गेला. या बटालियनला पेन्शन नाही, तशी सही त्याने केली आहे, असे सांगून त्याला नाकारले गेले. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. एकटा जवान आणि सरकार यांची ताकद सारखी नसते, तेव्हा असल्या सहीने हक्क जात नाही, हा त्यातला मुद्दा. न्यायमूर्ती भूषण गवई यांचा हा निकाल आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मराठवाड्यातही अशी पर्यावरण बटालियन आहे, त्यामुळे तो आपल्याला दूरचा नाही.

आता घरच्यांनी करायचे ते. लग्न, मुलांचा जन्म, वारस यांची नोंद युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये झाली आहे का, हे जवान हयात असतानाच बघा. नियमित जवान वर्षभर युनिटमध्ये असतो, कारकून आठवण करतो. हा माणूस थोडे दिवस जातो आणि परत येतो, नोंद राहून जाते. मग बायकोला आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करत बसावे लागते. एम्बॉडीमेंटच्या हुकमांच्या प्रती घरी ठेवा. तुटक सेवा पेन्शनसाठी जोडली जाते, तेव्हा त्याच उपयोगी पडतात. अर्ज कुठे अडला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.