एका पत्त्याचे दोन धनी

बुलढाणा जिल्ह्यात डोणगाव आहे. पण याच नावाची गावे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. मग नुसते 'डोणगाव' लिहिलेले पत्र कोठे पोचवायचे? असा घोळ टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला.

संगणकांच्या जाळ्यातही प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. यातील प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधली असते. समजा, शाळेतील एका संगणकाला आणि प्रिंटरला चुकून हाच पत्ता मिळाला. आता 'हा पत्ता कोणाचा?' असे विचारताच दोघेही 'माझा!' म्हणतात. निरोप कधी इकडे, कधी तिकडे जातो आणि छपाई अडते.

दोष कसा शोधाल? प्रिंटर बंद करा आणि तिसऱ्या संगणकावरून त्या पत्त्याला 'पिंग' करा. तरीही उत्तर आले, तर दुसरा धनी आहेच! मग संगणकाला पत्ता देण्याचे काम राउटरवर सोपवा आणि प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा.

शेजारच्या शाळेच्या वेगळ्या जाळ्यात हाच पत्ता असला, तर मात्र बिघडत नाही. मारुतीची गल्ली दोन गावांत चालते. एकाच गावात दोन असल्या, की पोस्टमन गोंधळलाच!