वारं गेलं, बोलणं अडलं

गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की घरचे आधी हातपाय बघतात. उजवी बाजू लुळी पडली तर मालिश सुरू होतं, लकव्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. वाचा गेल्याचं मात्र ‘आबांचं डोकं गेलं’ एवढ्यावर मिटतं. पुष्कळदा आबांचं डोकं ठिकाणावर असतं. त्यांना झालेला असतो अफेजिया, म्हणजे वाचाघात.

बहुतेकांच्या मेंदूत भाषा डाव्या बाजूला असते आणि शरीराची उजवी बाजूही तिथूनच चालते. म्हणून उजवा हात आणि बोलणं बरेचदा एकदमच जातं. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ‘टॅन’ एवढंच बोलू शकणारा रुग्ण तपासला. त्याला समजत बरंच होतं. मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या, पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वेगळा प्रकार मांडला: बोलणं धो धो, पण अर्थ लागत नाही, दुसऱ्याचंही नीट कळत नाही. अशा माणसाला गाव वेडा ठरवतं, याचं फार वाईट वाटतं.

ब्रोकाच्या प्रकारातल्या ऊसतोड कामगारापुढे कोयता धरा. तो तोडणीची खूण करील, ‘ते... ऊस... ते...’ म्हणेल, नाव काही ओठांवर येणार नाही. तोच माणूस हरिपाठ सुरू झाला की एखादी ओळ सोबत म्हणून जाऊ शकतो, कारण वर्षानुवर्षं घोकलेलं बरेचदा शाबूत राहतं. घरच्यांना ते सोंग वाटतं. ते सोंग नव्हे. ‘लिहून दाखवा’ म्हणूनही भागत नाही, लिहिणंही सहसा तितकंच अडतं. नुसती जीभ जड झाली असेल तर उच्चार बोबडे होतात, वाक्य मात्र नीट असतं.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकून वारं गेलं असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. ऊसतोडीच्या हंगामात आपली माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात कोपीवर असतात. तिथं ‘आधी गावाकडं नेऊ’ म्हटलं की ती वेळ वाटेतच संपते. १०८ ला फोन करावा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

पुढं वाक्-उपचार महिनोन् महिने चालतात. घरी टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट, हो-नाही असं उत्तर देता येईल अशी विचारावी: ‘आबा, च्या पाहिजे?’ मग थांबावं. त्यांचं वाक्य आपण पुरं करू नये. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचाघाताने आलेलं कायमचं अपंगत्व नावानिशी नोंदलेलं आहे. चालत्या-फिरत्या माणसालाही त्याचं प्रमाणपत्र मागता येतं.