जोड जुळला, पण मेळ बसला का?

व्यापारी पेढ्यांवर संगणक येऊ लागला तो 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात. रोजमेळ आणि खतावणी डॉसवर चालणाऱ्या यंत्रात गेली. त्या काळचा एखादा संगणक आजही घराच्या माळ्यावर जपून ठेवलेला आढळतो. कधी वडिलांच्या काळातील नोंदी पाहण्यासाठी, तर कधी घरातील तरुणांना जुन्या यंत्रांची आवड असल्यामुळे तो पुन्हा सुरू करावासा वाटतो. मॉनिटर बंद पडलेला असेल, तर जुन्या बाजारात दुसऱ्याचा शोध सुरू होतो. तार खाचेत बसली म्हणजे मॉनिटर चालणारच, या समजुतीने या खरेदीत मोठी फसगत होते.

आयबीएमने 1981 मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याला एकरंगी एमडीए आणि रंगीत सीजीए अशी दोन डिस्प्ले कार्डे होती. 1984 मध्ये ईजीए आले. तिन्हींची जोडणी नऊ पिनांची आणि दिसायला सारखीच. गती मात्र निराळी. एमडीए पडद्यावर सेकंदाला सुमारे 18,400 आडव्या रेषा काढते, सीजीए सुमारे 15,700, तर ईजीए प्रसंगानुसार 15,700 किंवा 21,800. भारतात पुष्कळ वापरले गेलेले हर्क्युलिस कार्ड एमडीएच्या मॉनिटरवर चालते. त्या काळचे बहुतेक मॉनिटर ठरावीक गतीसाठीच बांधलेले असत. चुकीचा संकेत मिळाल्यास चित्र फाटते. आयबीएमच्या 5151 सारख्या एकरंगी मॉनिटरचे तर आतील भागही जळू शकतात.

1987 मध्ये व्हीजीए आले. त्याच्या पिना पंधरा, त्या तीन ओळींत. रेषा सेकंदाला सुमारे 31,500. शिवाय आधीच्या कार्डांचे संकेत केवळ ‘चालू–बंद’ स्वरूपाचे होते, तर व्हीजीएचे रंग कमी-अधिक व्होल्टेजने ठरतात. म्हणून नऊ पिनांचे पंधरा करणारा स्वस्त जोड निरुपयोगी ठरतो. तो केवळ तारा जोडतो, संकेत बदलत नाही. त्यासाठी संकेत बदलणारा कन्व्हर्टर हवा, किंवा अनेक गती स्वीकारणारा मल्टिसिंक मॉनिटर. जुन्या मॅकिंटॉशच्या मॉनिटरलाही पंधराच पिना असतात, पण त्या दोन ओळींत.

परदेशातून मागवलेल्या मॉनिटरच्या बाबतीत विजेचा दाबही पाहावा. अमेरिकेतील वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. मागील पट्टीवर केवळ 120 लिहिले असेल, तर दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय तो लावू नये. वीज काढल्यानंतरही काचनळीत घातक दाब शिल्लक राहू शकतो. म्हणून मागील झाकण जाणकारानेच उघडावे.

सौदा करण्यापूर्वी आपल्या संगणकातील कार्डाचे नाव आणि मॉनिटरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा व दोहोंची गती पडताळावी. मेळ पटल्यावर शक्य तर विक्रेत्यासमोरच तो त्या संगणकावर किमान अर्धा तास चालवून पाहावा. विक्रेता चालवून दाखवण्यास तयार नसेल, तर तो माल भंगाराच्या भावाचा समजावा.

न जुळणारा मॉनिटर घरात ठेवणे हा निव्वळ परिग्रह होय. मात्र त्याच्या काचेत शिसे असते. तो फोडणाऱ्याच्या हाती देणे अहिंसेला धरून नाही. अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच तो सोपवावा.