मालक, डाव प्रशिक्षकालाच आखू द्या!

संघ विकत घ्यायला कोट्यवधी डॉलर मोजलेत, म्हटल्यावर चालू सामन्यात मालकाचे हात शिवशिवणारच. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशा लुडबुडीचे किस्से ढिगाने सापडतात आणि त्यातले सर्वांत झणझणीत बाल्टिमोर कोल्ट्सच्या रॉबर्ट इर्से यांच्या नावावर आहेत.

एअर कंडिशनिंगच्या धंद्यात पैसा कमावलेल्या या गृहस्थांनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स संघ घेतला आणि लगेच कोल्ट्सच्या मालकाशी संघांची चक्क अदलाबदल केली! २९ सप्टेंबर १९७४ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध कोल्ट्स मार खात होते. इर्से तडक मैदानाच्या कडेला आले. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीचा सूत्रधार, मार्टी डोम्रेसला बसवा आणि बर्ट जोन्सला उतरवा, असा त्यांचा हट्ट. प्रशिक्षक हॉवर्ड श्नेलेनबर्गर बधले नाहीत. सामना संपला आणि त्यांची नोकरीही! त्यांच्या जागी जनरल मॅनेजर जो थॉमस आले. उरलेल्या ११ सामन्यांत संघ जिंकला फक्त २. हाकललेल्या श्नेलेनबर्गरांनी १९८३ मध्ये मायामी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. ताठ कण्याच्या या माणसाला माझा सलाम.

इर्से मात्र सुधारले नाहीत. नोव्हेंबर १९८१ मध्ये, पुन्हा ईगल्सविरुद्धच, ते प्रशिक्षकांच्या वरच्या केबिनमध्ये बसून स्वतःच चाली सांगू लागले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. कोल्ट्स हरले ३८-१३!

बफेलो बिल्सची कथा जास्त चुटपुट लावणारी. क्वार्टरबॅक डग फ्लूटीने संघाला बाद फेरीत नेलं; पण ८ जानेवारी २००० च्या सामन्यात मालक राल्फ विल्सन यांच्या हुकमावरून त्याच्या जागी खेळला रॉब जॉन्सन. पराभवाचा सगळा दोष जॉन्सनच्या माथी मारणं अन्यायाचं, कारण १६ सेकंद उरले तेव्हा बिल्स १६-१५ असे पुढे होते. मग टेनेसी टायटन्सने किकऑफवरच चेंडू आडवा फेकत थेट टचडाऊन करून सामना खेचून नेला. त्यानंतर सलग १७ हंगाम बिल्सना बाद फेरीचं तोंड दिसलं नाही.

मालकाला मध्ये बोलायला वेळ तरी कुठे असतो? १९९४ पासून प्रशिक्षकाचा आवाज थेट क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये जातो. दोन चालींमध्ये ४० सेकंद, आणि घड्याळात १५ उरले की रेडिओ बंद!

हौसच असेल तर शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांच्यासारखी असावी. संघ स्वतःचा, प्रशिक्षकही स्वतःच, तेही ४० हंगाम आणि ६ विजेतेपदं. अतिरेक पाहायचाय? सुरिनामचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष रॉनी ब्रुन्सविक यांनी २०२१ मध्ये, वयाच्या ६० व्या वर्षी, आपल्या सॉकर क्लबकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वतःलाच उतरवलं. ५४ मिनिटं खेळले, संघ ०-६ ने हरला.

आणि ग्रीन बे पॅकर्स? या संघाला एकच एक मालक नाहीच. पाच लाखांवर भागधारक आहेत. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे १३ विजेतेपदं याच संघाकडे आहेत.