इंग्लिश कॉटेज : विणकराचे घर, आजचा बाजार

परदेशातून येणाऱ्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे आणि लाकडी सामानाच्या मागणीपत्रांत ‘इंग्लिश कॉटेज’ हे शब्द अनेकदा असतात. आपल्याकडील बरेच व्यापारी त्याचा अर्थ ‘फुलाफुलांचे कापड’ एवढाच घेतात. माल नापसंत होऊन परत आला की दोष ग्राहकाला देतात. म्हणून हे कॉटेज म्हणजे नेमके काय आणि आपल्या कारागिरांचा त्याच्याशी संबंध काय, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

मूळ कष्टकऱ्याचे

कॉटेज हा मुळात धनिकाचा बंगला नव्हे. ते शेतमजुराचे, कारागिराचे घर. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागात बायबरी नावाचे गाव आहे. तेथील आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची रांग पाहायला जगभरातून लोक येतात. चौदाव्या शतकात ही इमारत लोकर साठविण्यासाठी बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी घरे करण्यात आली. मालेगाव, भिवंडीच्या आमच्या वाचकांना हे ऐकून नवल वाटणार नाही. घर आणि माग यांचे नाते त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे.

जे जवळपास मिळेल त्यातूनच ही घरे उभी राहिली. कोठे दगड, कोठे माती व पेंढा, तर कोठे लाकडी चौकटीत काठ्या विणून त्यावर मातीचा लेप. ही आपल्या कोकणातील कुडाची भिंतच होय. वर बोरूचे किंवा गव्हाच्या काडाचे जाड छप्पर. पाणी थांबू नये म्हणून त्याला तीव्र उतार. छत बुटके, कारण ऊब टिकली पाहिजे. खिडक्या लहान, कारण काच महाग होती. भिंतीला चुना. जुन्या भिंतीतील ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट लावले की ती आतच कोंडते आणि भिंत खराब होते. म्हणून तेथील जाणकार आजही दुरुस्तीला चुनाच वापरतात.

घरातील सामान आणि राहणी

शेकोटी हा या घराचा मध्य. तिच्याभोवती बसणे, चहा घेणे, विणकाम करणे, परसात फुलझाडे व भाजीपाला एकत्र लावणे, ही तेथील राहणी. सामान थोडे पण टिकाऊ. विंडसर खुर्चीचे उदाहरण घ्या. हाय वायकोम्ब गावाजवळच्या बीच झाडांच्या रानात कारागीर ओल्या लाकडाचे पाय कातीत. त्यांचा खराद पायाने चालत असे आणि लवचिक काठीला बांधलेली दोरी त्याला फिरवी. पलंगावर तुकडे जोडून शिवलेली रजई असे. तिला आपण गोधडी म्हणतो. उरलेले कापड वाया जाऊ न देणे हाच दोन्हीकडचा हेतू.

कापड मात्र आपले

या घराची ओळख बनलेले फुलांचे कापड म्हणजे ‘चिंट्झ’. हा शब्द आपल्या छींट किंवा चीट या शब्दावरून गेलेला आहे. कोरोमंडल किनाऱ्याचे कारागीर तुरटी आणि मेण यांच्या साहाय्याने असा पक्का रंग बसवीत की धुतल्यावरही तो फिका पडत नसे. इंग्लंडमध्ये हा माल इतका खपला की तेथील विणकरांचे धंदे बसू लागले. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी दंगे केले. त्यापूर्वीच, १७०० च्या कायद्याने, छापील मालाच्या आयातीवर बंदी आली होती. १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड वापरण्यासही मनाई झाली. ही मनाई १७७४ मध्ये उठली. तोवर तेथील छपाई कारखान्यांनी आपले पाय रोवले होते. पुढे यंत्राचा माल आला आणि आपले कारागीर मागे पडले.

यंत्राच्या निकृष्ट मालाला कंटाळून विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये भागीदारीत पेढी काढली. हाताचे काम आणि नैसर्गिक रंग यांना त्यांनी पुन्हा मान मिळवून दिला. नीळ वापरून ठोकळ्यांनी केलेली त्यांची छपाई आजही नावाजली जाते. १९५३ पासून लॉरा अ‍ॅशले व त्यांच्या पतीने घरातील टेबलावर कापड छापून धंद्याला सुरुवात केली आणि गावाकडच्या घराची ही आवड मध्यमवर्गापर्यंत पोहोचविली. २०२० मध्ये ती कंपनी अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली, तरी त्या शैलीची मागणी संपली नाही. दुकान बंद पडते, आवड टिकते.

व्यापाऱ्यांनी काय करावे

पहिली गोष्ट रंगांची. कॉटेजचे रंग भडक नसतात. मळकट पांढरा, फिका हिरवा, विटलेला गुलाबी, निळीचा निळा असे ते असतात. चकाकी, जर आणि प्लॅस्टिकचा लेप येथे चालत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. युरोपात काही अ‍ॅझो रंगांवर बंदी आहे, म्हणून रंगाऱ्याकडून लेखी खात्री घ्यावी. ब्रिटनमध्ये गादीच्या खुर्च्या व सोफ्यांचे कापड आणि भरण यांना १९८८ च्या आगप्रतिबंधक नियमांची चाचणी लागते. पडदे व चादरी या नियमांत येत नाहीत. सौदा करण्यापूर्वी आपला माल कोणत्या वर्गात बसतो, हे विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या मालाचा ग्राहक हातकामासाठी जास्त पैसे मोजतो. स्क्रीनची छपाई ठोकळ्याची म्हणून आणि यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले, तर एखादा सौदा साधेल. पण ते उघडकीस आले की ग्राहक त्या व्यापाऱ्यालाच नव्हे, साऱ्या गावाच्या मालाला नाकारतो. त्याची झळ खऱ्या ठोकळेवाल्याला बसते आणि त्याच्या घरची चूल थंड होते. यंत्रमागाचा माल हलका नाही. तो यंत्रमागाचा म्हणूनच, योग्य भावात विकावा. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून ‘हॅण्डलूम मार्क’ आहे, त्याचा लाभ घ्यावा.

तीनशे वर्षांपूर्वी आपले कापड इंग्लंडच्या घराघरांत गेले ते पक्क्या रंगामुळे आणि सफाईदार हातामुळे. आजही तोच हात आणि त्याबरोबर सचोटी, हेच आपले भांडवल आहे.