पातळ वरणाचा हिशेब

आमच्या घरी चौघांना एक वाटी तूरडाळ शिजायची. वाटी स्टीलची, आजीच्या वेळची. ती काठोकाठ भरायची, डाळ धुवायची, कुकर लावायचा; यात कितीतरी वर्षांत काही बदललेलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी मी ती वाटी पहिल्यांदाच वजनकाट्यावर ठेवली. डाळ भरली 120 ग्रॅम. शंभर ग्रॅम तूरडाळीत प्रथिनं साधारण 22 ग्रॅम, म्हणजे वाटीत 26. चार ताटांत वाढली की माणशी साडेसहा.

"काय मोजतोयस एवढं?" आई म्हणाली. "वरण-भात खाऊन कुणी उपाशी राहिलंय का?"

उपाशी कुणी राहिलं नाही, हे खरं. पण मोजायला कारण होतं. गेल्या वर्षी मी सहा किलो वजन उतरवलं. रोज पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर फेऱ्या, रात्रीचं जेवण निम्मं, साखर बंद. सगळ्यांनी कौतुक केलं. आरशानं मात्र केलं नाही. गाल बसले, दंड सुतासारखे झाले, मांड्या पँटमध्ये खेळायला लागल्या आणि पोट होतं तिथंच. जे जायला हवं होतं ते अर्धवट गेलं, जे राहायला हवं होतं तेही गेलं. त्यातून मी आमच्याकडच्या माळकरी परंपरेतला; अंडं नाही, मासा नाही, आणि दोन वर्षांपासून दूध पचत नाही म्हणून तेही नाही. जिममधल्या पोरांनी एका वाक्यात निकाल दिला, "काका, घासफूस खाऊन बॉडी होत नसते."

होते. पण पातळ वरणावर होत नाही.

मुळात आपलं शरीर कसं असतं, हे पुण्यातल्या एका डॉक्टरांनी स्वतःच्या उदाहरणावरून जगाला दाखवलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. कागदावर दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. याची सुरुवात पोटात असल्यापासूनच होते, हे याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून केलेल्या अभ्यासात दिसलं. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकी.

म्हणजे स्नायूंची शिल्लक आपल्याकडे आधीच तुटपुंजी. अशा माणसानं नुसतं "वजन कमी कर" हा सल्ला पाळला की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. म्हणून काट्यापेक्षा शिवणकामाची टेप बरी. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि बाईची 80 च्या आत असावी, असं वैद्यक सांगतं. माझी वजन उतरवल्यावरही 94 होती.

आता प्रथिनांकडे. निरोगी माणसाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरावीत, असं आयसीएमआरनं 2020 साली ठरवून दिलं. माझं वजन 66 किलो, म्हणजे 55 ग्रॅम. हे झालं चालू गाडीला लागणारं तेल. चरबी उतरवताना स्नायू वाचवायचे, शिवाय थोडे वाढवायचे, तर व्यायामशास्त्रातले बहुतेक अभ्यास किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास येऊन थांबतात. म्हणजे 105 ग्रॅम. आणि वाटीभर वरण देतं साडेसहा!

वनस्पतींच्या प्रथिनांवर स्नायू वाढतात का, याचं सरळ उत्तर ब्राझीलमधल्या एका प्रयोगानं दिलं आहे. साओ पावलो विद्यापीठात दूधही न घेणारे 19 तरुण आणि सगळं खाणारे 19 तरुण घेतले. दोघांनाही किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं. कमी पडलं ते एका गटाला सोयाच्या पावडरीतून, दुसऱ्याला दुधाच्या. बारा आठवडे पायांचा जड व्यायाम. 2021 साली निष्कर्ष छापून आला: मांडीच्या स्नायूंची वाढ आणि ताकद, दोन्हींत फरक नाही. स्नायूला जात-धर्म नसतो; त्याला माल वेळेवर आणि पुरेसा हवा.

मग अडतं कुठं? अडतं ते इथं, की वनस्पती प्रथिनं एकटी देत नाही. त्यांच्यासोबत पिष्ट येतं किंवा तेल येतं. पंचवीस ग्रॅम प्रथिनं फक्त तांदळातून मिळवायची तर तीनशे ग्रॅमहून जास्त तांदूळ खावा लागेल, म्हणजे अकराशे कॅलरी. बाजरीतून घ्यायची तर पावणेआठशे. शेंगदाण्यातून साडेपाचशेच्या वर. शेंगदाण्याला आपण 'गरिबाचे बदाम' म्हणतो. पण पोट उतरवायला निघालेल्या माणसानं ते मूठ मोजूनच खावेत. तूरडाळीतून तीच 25 ग्रॅम मिळवायला पावणेचारशे कॅलरी लागतात, आणि सोयावडीतून जेमतेम 165. हे आकडे एकदा डोक्यात बसले की ताटाकडे बघायची नजर बदलते. चरबी उतरवायची म्हणजे दिवसाला तीनशे-चारशे कॅलरी कमी घ्यायच्या. एक किलो चरबीत 7,700 च्या आसपास कॅलरी साठलेल्या असतात, तेव्हा महिन्याला दीड किलो गेली तरी खूप झालं. ही कपात भाताच्या मुदीतून, पोळीवरच्या तेलातून, फरसाणातून करायची, डाळीतून नाही. आपण नेमकं उलटं करतो. 'डाएट' सुरू केलं की उसळीची वाटी कमी करतो आणि दोन फुलके तसेच ठेवतो.

सोयाबीनची तर एक गंमतच आहे. पावसाळ्यात येवला, निफाड, सिन्नरकडे निघालात तर मका आणि सोयाबीनची शेतं लागतात. लासलगावची बाजार समिती देशाला कांद्यासाठी माहीत, पण तिथं सोयाबीनचेही लिलाव होतात. हे सोयाबीन जातं कुठं? तेलाच्या कारखान्यात. तेल निघाल्यावर उरते ती पेंड, आणि खरी प्रथिनं त्या पेंडीतच. यातली बरीचशी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. जिममधलं पोरगं ज्या चिकन ब्रेस्टच्या जोरावर मला घासफूस म्हणतं, ती कोंबडी वाढलेली असते मक्यावर आणि सोयाबीनच्या पेंडीवर! याच तेल काढलेल्या सोयाच्या पिठाला दाबून-फुलवून सोयावडी होते. शंभर ग्रॅम सुक्या वडीत पन्नास ग्रॅमच्या पुढे प्रथिनं.

सोयावडीबद्दल घरोघरी तक्रार एकच, वास. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, गार पाण्यात टाकून दोन्ही तळव्यांत घट्ट पिळायची, पुन्हा पाणी, पुन्हा पिळायची. दुसऱ्या पिळण्यात तो पिवळट फेस निघून जातो. मग कांदा-खोबरं भाजून केलेल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडली की आमच्या घरातली मुलंही वाटी पुढं करतात. अख्खं सोयाबीन मात्र कच्चं खाऊ नये. त्यात पचनाच्या कामात खोडा घालणारा एक घटक असतो, तो भाजल्या-शिजवल्यानं जातो. दळणात गव्हाच्या नऊ किलोला एक किलो सोयाबीन टाकलं तर पिठातली प्रथिनं साडेदहा टक्क्यांवरून तेराच्या घरात जातात. सोयानं पुरुषत्व कमी होतं, ही बाजारातली आवई; अनेक अभ्यास एकत्र तपासूनही पुरुषी संप्रेरकांवर तसा परिणाम दिसलेला नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा, एवढंच पथ्य.

सोयाबीन नको असेल तर आपल्याच जिल्ह्यात उत्तराकडे जा. सटाणा, देवळा, मालेगावच्या अहिराणी बोलणाऱ्या घरांत कळण्याची भाकरी होते. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळायचे, म्हणजे कळणा. सोबत ठेचा आणि फोडलेला कांदा. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक तोकडा असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसं. एकाची उणीव दुसरा भरतो, आणि हे खानदेशच्या जात्यानं पोषणशास्त्राच्या कितीतरी आधी जमवलेलं आहे. पेठ-सुरगाण्याकडे नागलीच्या भाकरीबरोबर उडीद असतो, तोही याच हिशेबानं. नागलीत प्रथिनं सातच टक्के, तिचा मोठेपणा कॅल्शियममध्ये: शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दूध सोडलेल्यानं नागलीला विसरू नये. आणि डाळ-धान्याची ही जोडी एकाच घासात हवी असं काही नाही; दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

मोडांबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. मोड आल्यानं मटकीतली प्रथिनं वाढत नाहीत. उलट दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे वाटीमागे ती कमीच भरतात. मोडांनी पचन सोपं होतं, क जीवनसत्त्व येतं, तेवढं घ्यावं. म्हणून मी आता सुकी मटकी मोजतो: माणशी साठ ग्रॅम भिजवली की बारा ग्रॅम मिळतात. वर लिंबू पिळायचं, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. आणि लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहा ते लोह अडवतो. नाशिककराला हे पथ्य सगळ्यात जड.

माझा दिवस सध्या असा असतो. सकाळी मूगडाळीचं धिरडं, दुपारी सोयावडी किंवा मटकी आणि दोन भाकऱ्या, चारला मूठभर फुटाणे, रात्री घट्ट वरण आणि पोळ्या. प्रथिनं शंभरच्या आसपास जातात. एकादशीला हे सगळं कोसळतं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे साबुदाण्याला पुरेपूर लागू. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी बरी.

पण नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, आणि इथं आम्हा नाशिककरांचं एक दुखणं आहे. हे शहर दमाचं आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी सायकलवरून 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पुरी केली. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं. त्यांचं बघून आपण सगळे चालतो, पळतो, सायकली घेतो. हृदयासाठी ते उत्तमच. पण स्नायूला वाढायचा निरोप ओझ्यातून जातो. ओझं पेलताना तंतूंवर ताण येतो, आणि पुढचा दीड-दोन दिवस तिथं बांधकाम जोरात चालतं. माल तेव्हा लागतो. जुन्या तालमीत मुद्गल होते, दगडी नाल होती, जोर-बैठका होत्या. त्यातलं तत्त्व एकच, ओझं हळूहळू वाढवत न्यायचं. पन्नास बैठका सहज व्हायला लागल्या की शंभर मारण्यात फारसं हशील नाही. पाठीवर पिशवी घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. मी पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीनं सुरुवात केली, आज खांद्यावर वीस आहेत. भाताचं ताटातलं वजन कमी झालं, पाठीवरचं वाढलं.

आणखी एक गोष्ट, जी स्वयंपाकघरात सापडणार नाही: बी-12. हे जीवनसत्त्व जीवाणू बनवतात, वनस्पतीत ते भरवशाचं मिळत नाही. याज्ञिकांच्याच गटानं पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांशांमध्ये ते कमी निघालं, आणि यातले बरेच जण दूध पिणारे होते. पायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा याला आपण वय म्हणतो. दूधही सोडलेल्यानं रक्त तपासून गोळी घ्यावी, इडली-ताकाच्या आशेवर बसू नये. स्नायूंना जोर लावायला मदत करणाऱ्या क्रिएटिनचंही तसंच. ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं, म्हणून शाकाहारी स्नायूत त्याचा साठा कमी. कारखान्यात बनणारं क्रिएटिन प्राणिज नसतं, आणि दिवसाला तीन-चार ग्रॅमचा उपयोग होतो. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र तेही नको आणि 105 ग्रॅमचा माझा हिशेबही नको, आधी डॉक्टर.

सहा महिने झाले. वजन फक्त एक किलोनं उतरलं, पण कंबर 94 वरून 88 वर आली. घरात आता दोन वाट्या डाळ शिजते. आई म्हणते, हे वरण नाही, पिठलं आहे.

गेल्या रविवारी फेऱ्या मारून आम्ही चौघं मिसळ खायला बसलो. मी पोऱ्याला म्हटलं, "मटकी जास्त टाक, पाव एकच दे, फरसाण नको." त्यानं वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "रस्सा लागेल तेवढा घ्या काका, फुकट आहे. मटकीचे पैसे वेगळे."