बंदुकीमागील हाताची पारख

हरभऱ्याला घाटे धरले की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या नशिबी जागल येते. दिवसभर राबलेला माणूस रात्री माळ्यावर बसून डबे वाजवितो. पहाटे त्याचा डोळा लागतो आणि रोह्यांचा कळप किंवा रानडुकरांची टोळी उभे पीक तुडवून निघून जाते. ज्ञानगंगा व अंबाबरवा या अभयारण्यांच्या भोवतालच्या गावांना हे नित्याचेच आहे. अशा शेतकऱ्याने बंदुकीची परवानगी मागितली, तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार शहरातील पांढरपेशांना नाही. विचारावयाचे ते एवढेच की, बंदूक कोणाच्या हाती द्यावयाची आणि त्या हाताची पारख कोणी करावयाची?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ रूपात शिकारीचे परवाने होते. मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा. मारलेल्या जनावरांची नोंद ठेवावी, मादी व पिल्ले मारू नयेत, वाहनातून वा कृत्रिम प्रकाशात शिकार करू नये, असे निर्बंध त्यात होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवानापद्धती रद्द झाली. हौशी शिकारीचा तो अध्याय संपला, हे इष्टच झाले. परंतु कलम ११ राहिले. मनुष्यास वा उभ्या पिकास धोकादायक ठरलेले ठराविक प्राणी मारण्याची लेखी परवानगी कोणत्याही व्यक्तीस देता येते, असे ते सांगते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. जनावर उपद्रवी आहे काय, हे कलम विचारते. मारणारा जाणता आहे काय, हे विचारीत नाही. परवाना गेला, त्याबरोबर शिकाऱ्यावरील शिस्तही गेली. शिकार मात्र निराळ्या नावाने उरली.

बंदुकीचा परवाना मागणाऱ्यास शस्त्र नियम, २०१६ ने शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नव्या परवान्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमतीही लागते. हे योग्यच. तथापि बंदूक कशी ठेवावी व कशी हाताळावी हे शिकल्याने, रात्री तुरीत काय हलते आहे ते ओळखता येत नाही. ज्ञानगंगेच्या परिसरात अस्वले आहेत, आणि अस्वलाला अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. अंधारात अस्वल कोणते आणि डुक्कर कोणते? शेजारच्या धुऱ्यावर दुसरा शेतकरी जागलीला बसलेला असतो. डुकराला चुकलेली गोळी त्याच्या दिशेने जाऊ शकते. जखमी डुक्कर पिकात दडून राहिले, तर सकाळी कामाला आलेल्या बायांच्या अंगावर धावून जाते.

जर्मनीत शिकारीच्या परवान्यापूर्वी लेखी, तोंडी व नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने नव्या तरुण शिकाऱ्यांना सुरक्षाशिक्षण सक्तीचे केले, ते १९४९ मध्ये. त्या देशांत शिकार ही मुख्यतः हौस आहे. हौसेला जेथे परीक्षा लागते, तेथे गरजेने उचललेल्या बंदुकीला ती नको, असे कोण म्हणेल?

अर्ज, दाखले व हेलपाटे यांनी आधीच कावलेल्या शेतकऱ्यापुढे आणखी एक परीक्षा कशाला, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. कायद्याचा मार्ग जाचक झाला की कुंपणात चोरून वीज सोडली जाते, आणि त्या तारेला रोही, वाघ व माणूस सारखेच. म्हणूनच प्रत्येक शेतकऱ्याला शिकारी करण्याचे कारण नाही. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले आणि गोळी झाडण्याचे काम परवानाधारक बंदूकधाऱ्यांकडे दिले. बुलढाणा जिल्ह्यातही तालुक्यागणिक मोजके परवानाधारक निवडता येतील. वनविभाग व पोलिसांनी त्यांना विनाशुल्क शिकवावे. प्राण्यांची ओळख, गोळीची दिशा, जखमी जनावराचा माग आणि कायदा या चार विषयांत त्यांची परीक्षा घ्यावी. आणि परवानगीच्या आदेशात अशाच व्यक्तीचे नाव लिहावे. कलम ११ याच्या आड येत नाही.

साधी मोटारसायकल चालविण्याच्या परवान्यासाठीही चाचणी द्यावी लागते. अंधाऱ्या शिवारात गोळी झाडणाऱ्याची चाचणी मात्र होत नाही. ही उणीव एखाद्या जागल्याचा जीव जाण्यापूर्वी भरून काढली, तर पीकही वाचेल आणि माणूसही.